कौलांवरचा दात

आमच्या केंद्रातल्या यंत्राचं खरं नाव चांगलं हातभर लांब आहे, आणि ते उद्‌घाटनाच्या पाटीखेरीज कुठेच लिहिलेलं नाही. आम्ही सगळे त्याला उंदीरमामा म्हणतो. लहानपणी पडलेला दात शेणात घालून कौलांवर फेकताना आपण ज्याला विनवायचो, ‘उंदीरमामा, माझा दात घे, तुझा दात दे’, तोच हा. फरक इतकाच, की हा मामा दात घेतो आणि बदल्यात दात न देता त्या मुलाची पहिली दोन वर्षं वाचून दाखवतो.

मी चारुता मगदूम. समाजकार्य शिकले आणि अडचणीत सापडलेल्या मुलांच्या व त्यांच्या घरांच्या संशोधनात पडले. माझा स्वभाव चौकस आहे असं मी म्हणते. माझी आई त्याला भोचकपणा म्हणते. पगार मात्र त्याचाच मिळतो.

आता थोडं मामांच्या विद्येविषयी. दुधाचा दात आईच्या पोटातच घडायला लागतो. झाडाच्या खोडात दर वर्षी एक कडं वाढतं, तसा दातात रोजचा एक थर चढतो. बाहेरचं कवच जन्मानंतर थोड्याच महिन्यांत पुरं होतं, पण आतल्या गाभ्यात मूल दोनेक वर्षांचं होईपर्यंत थर बसत राहतात. बाळाच्या जिवावर काही बेतलं, मोठा ताप आला, उपासमार झाली, जबर धक्का बसला, की त्या दिवसाचा थर नीट बसत नाही आणि तिथे काळी रेघ उमटते. जन्माची रेघ तर प्रत्येकाच्या दातात असते, कारण जन्माला येणं हाच आपल्या सगळ्यांना बसलेला पहिला धक्का. हे दंतवैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. मामांनी नवीन केलं ते इतकंच, की दात न कापता, क्ष-किरणांच्या केसाहून बारीक झोताने ते एकेक थर वाचू लागले.

दुसरी गोष्ट दुधाची. आईच्या दुधातून बेरियम नावाचा धातू अगदी किंचित प्रमाणात बाळाच्या अंगात जातो आणि थरांमध्ये साठतो. अंगावरचं पिणं सुटलं की बेरियम उतरतं. हळूहळू सुटलं तर यंत्राच्या पडद्यावर घाटासारखा उतार दिसतो. एकदम तुटलं तर सरळ कडा दिसतो.

गोष्ट संशोधनापुरती राहिली असती तर बरं झालं असतं. पण आपल्याकडे चांगल्या गोष्टीला पाय फार लवकर फुटतात. शहरातल्या दोन-तीन बड्या शाळांनी प्रवेशाच्या वेळी दाताचा अहवाल मागायला सुरुवात केली. वधुवर मंडळांत ‘दात निष्कलंक’ असं छापून येऊ लागलं. सासवांना तर आयतंच कोलीत मिळालं. ‘बघा, सातव्या महिन्यातच दूध तोडलं हिनं,’ असं सुनेला ऐकवायला आता पुरावा होता. आणि मुलांच्या संरक्षणाचं काम बघणाऱ्या आमच्या जिल्ह्यातल्या समितीनेही दात वाचून घरांना गुण द्यायचं ठरवलं. मूल घरी परत पाठवावं की नाही, हे ठरवताना त्या गुणांना मोठं वजन आलं.

कांचन सुतार आमच्या केंद्रात आली ती अशाच गुणांसाठी.

बोरपेठेतल्या हळदीच्या गोदामात ती कामाला होती. तिचे हात मनगटापर्यंत पिवळे होते आणि ते साबणाने जात नाहीत हे तिने मी न विचारताच सांगितलं. नवरा ट्रक घेऊन दक्षिणेत गेला होता तो तिकडचाच झाला. घरात ती, तिची आई हौसाबाई आणि सात वर्षांची मुलगी शिवन्या. हौसाबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेल्या होत्या तेव्हा एका दुपारी कांचनने पोरीला घरात ठेवून बाहेरून कडी लावली आणि ती कामावर गेली. नेमकी त्याच दुपारी पंख्याची वायर जळाली. शेजाऱ्यांनी कडी काढून पोरीला बाहेर काढलं. पोर धुराने खोकत होती, पण सुखरूप होती. कुणीतरी फोन केला आणि शिवन्या बालगृहात गेली.

समितीपुढे प्रश्न सरळ होता. ही एका दिवसाची चूक होती, की या घरात पोरीची हेळसांड पहिल्यापासूनच होत आली होती? एका दिवसाची असेल तर पोर घरी. तसं नसेल तर दुसऱ्या जिल्ह्यातलं एक पालक कुटुंब तिला न्यायला तयार होतं.

“दात आणा म्हणालात, आणलाय,” कांचनने पदराची गाठ सोडून कागदाची पुडी माझ्यापुढे ठेवली. “शिवूनं कौलावर टाकला हुता. म्या सवता वर चढून हुडकून आणला. बगा काय बगायचं ते. माझ्या पोटात पाप न्हाई.”

तिच्या मागे हौसाबाई उभ्या होत्या. हिरवं लुगडं, डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. त्यांनी पुडीकडे पाहिलं. दात जरासा काळपट होता. शेणात घालून टाकलेला, उन्हापावसात पडलेला, म्हणून तसा झाला असेल, असं आमचा तंत्रज्ञ म्हणाला आणि मलाही ते पटलं.

दुसऱ्या दिवशी अहवाल आला. मी तो त्या दोघींना समोर बसवून वाचून दाखवला, कारण आमचा तसा नियम आहे. जन्म व्यवस्थित. पुढचे थर एकसारखे. आणि आठव्या महिन्यात, एका दिवसात, दुधाचा कडा. त्याच्याच पोटाशी एक काळीकुट्ट रेघ. इतकी रुंद रेघ मी आजवर मोजक्याच दातांत पाहिली होती.

“म्हंजे काय वो?” कांचनने विचारलं.

“म्हणजे बाळ आठ महिन्यांचं असताना तिचं अंगावरचं पिणं एका दिवसात बंद झालं. आणि त्याच वेळी तिला फार मोठा धक्का बसला. बहुधा आई जवळ नव्हती.”

कांचन उभी राहिली. “खोटं बोलायलंय तुमचं मशीन! माझी पोरगी अडीच वर्साची हुईस्तवर अंगावर पीत हुती. गल्लीतल्या बाया हसायच्या मला. पाचव्या म्हैन्यात तिला न्युमोनिया झाला तवा दवाखान्यातनं मी हाललो न्हाई, बाथरूमला जाताना बी तिला घिऊन जात हुतो. आणि मी तिला सोडून गेलो म्हंता? सांग की गं आई! तू हुतीस न्हवं घरात?”

त्या भागात बायकाही ‘मी गेलो, मी आलो’ म्हणतात. त्या बोलण्याला एक मर्दानी ठसका असतो आणि त्या दिवशी तो मला चांगलाच लागला. मी हौसाबाईंकडे पाहिलं. त्या खाली बघत होत्या.

“आई?”

“मला चक्कर आल्यागत हुतंय,” त्या म्हणाल्या. “घरी जाऊ.”

त्यांच्या त्या गप्प राहण्याचा मी सोपा अर्थ काढला, म्हणजे लेक खोटं बोलते आणि आईला ते ठाऊक आहे. समितीतले लोकही तोच काढणार होते.

पण संध्याकाळी घरी भाकरी थापताना माझा हात थांबला. न्युमोनिया! पाचव्या महिन्यात बाळ दवाखान्यात पडलं असेल तर तिथे रेघ हवी. साध्या गोवराचीसुद्धा रेघ मामांच्या नजरेतून सुटत नाही. आणि त्या दातात पाचव्या महिन्याच्या जागी माझ्या तव्यासारखं सपाट होतं.

सकाळी मी बोरपेठेच्या दवाखान्यात फोन लावला. तिथल्या परिचारिकेला ते बाळ चांगलं आठवत होतं, कारण त्याची आई कुणालाच बाळाला हात लावू देत नव्हती आणि सगळ्यांशी भांडत होती. कांचनच ती. मी थेट ताम्हाणे सरांच्या खोलीत गेले.

निरंजन ताम्हाणे हे आमचे प्रमुख. माणूस सज्जन, पण यंत्रावर त्यांचं पोटच्या पोरासारखं प्रेम.

“एखादी रेघ चुकते, चारुता,” ते चहात बिस्किट बुडवत म्हणाले. “पुसट पडली असेल.”

“सर, ऑक्सिजनवर होतं बाळ.”

“मग तुझं म्हणणं काय? मामा चुकले?”

“मामा नाही चुकले. मामांना दात कळतो, पण तो कुणाच्या तोंडातला हे कळत नाही. दुसऱ्या कुणाचा दात आला असला तर?”

बिस्किटाचा तुकडा चहात पडला. मुलांच्या दातातून जनुकं तपासायला कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे, नाहीतर वधुवर मंडळांनी तेही छापलं असतं. त्यामुळे आणणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवणं एवढंच आमच्या हातात होतं. सरांनी चमच्याने तो तुकडा बाहेर काढला.

“सुनावणी पुढच्या आठवड्यात आहे,” ते म्हणाले. “नुसत्या शंकेवर समिती ऐकणार नाही. दुसरा दात आण.”

दुसरा दात अजून शिवन्याच्या तोंडातच होता.

बालगृहाच्या ओसरीवर ती एका खांबाला टेकून बसली होती आणि खालचा दात जिभेने पुढेमागे करत होती. तिला माझ्यापेक्षा त्या दातात जास्त रस होता. मी शेजारी बसले आणि कधी पडेल असं विचारलं.

“आज न्हाई तर उद्या,” ती एखाद्या जाणत्या बाईसारखी म्हणाली. “पर मी कुणाला देणार न्हाई. इथं कौलं न्हाईत. सलॅपवर टाकला तर उंदीरमामाला घावत न्हाई.”

“माझ्याकडे एक उंदीरमामा आहे.”

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मला माझ्या वयाची लाज वाटली. मग मी खरं ते सांगितलं. म्हटलं, एक यंत्र आहे, ते दात बघून तू बाळ असताना काय काय झालं ते ओळखतं. तिचं जिभेने दात हलवणं थांबलं.

“समदं?”

“बरंच.”

“मग माझी मम्मी मला घास भरवताना नाक दाबायची, ते बी?”

“नाही, तेवढं नाही ओळखत.”

“मग लई हुशार न्हाई,” ती म्हणाली. पण तिची उत्सुकता माझ्यासारखीच होती, हे मला दिसत होतं. तिने थोडा वेळ विचार केला, बोट तोंडात घातलं, एक हिसका दिला आणि रक्ताचा ठिपका लागलेला दात माझ्या तळहातावर ठेवला. “बघून झाल्यावर कौलावर टाकायचा. आज्जीला सांगा, ती शेण आणती.” बालगृहाच्या अधीक्षिकाबाई तिथेच उभ्या होत्या. दात कुणाच्या तोंडातून आला याला आता साक्षीदार होता.

मामांनी तो दात वाचला. पाचव्या महिन्यात ठळक रेघ होती, न्युमोनियाची. आणि दुधाचा थर पार शेवटपर्यंत चालला होता, जितका गाभा शिल्लक होता तिथवर. कांचन शब्दाशब्दाने खरं बोलली होती. मला इतका आनंद झाला, की मी तंत्रज्ञाच्या पाठीत धपाटा घातला.

मग तो आनंद ओसरला आणि चौकसपणा वर आला. पहिला दात कुणाचा?

मी त्याच दुपारी बोरपेठेला गेले. सुतारांचं घर गल्लीच्या टोकाला, एकटं, दोन्ही बाजूंना मोकळी जागा. शेजारच्या पोराने दात टाकला तर या कौलांवर येऊन पडेल असं काही नव्हतं. कांचन कामावर होती. हौसाबाई उंबऱ्यात लसूण सोलत बसल्या होत्या. शिवूचा दुसरा दात मिळाला आणि त्यात कांचन खरी ठरली, हे मी त्यांना आधी सांगितलं.

“आजी, या घरात किती वर्षं राहता?”

“कांचन रांगत हुती तवा आलो.”

“आणि या घरात लहान मुलं कोण कोण वाढली?”

लसणाची पाकळी त्यांच्या हातातून सुटली. “कांचन,” त्या म्हणाल्या. “आन् शिवू.”

गल्लीतून एक भंगारवाला ओरडत गेला. मला उत्तर कळलं होतं. शिवूने दात टाकला त्या कौलांवरच पंचवीसेक वर्षांपूर्वी कांचननेही टाकला होता. कुठल्याशा खाचेत तो इतकी वर्षं पडून राहिला आणि लेकीचा दात शोधायला चढलेल्या आईला स्वतःचाच दात सापडला.

म्हणजे आठव्या महिन्यात आई गेली होती, ती कांचनची. आणि तिची आई म्हणवणाऱ्या हौसाबाई तर माझ्यासमोर बसल्या होत्या.

“तुम्ही पोटची आई नाही,” मी म्हणाले. म्हणायला नको होतं इतकं पटकन म्हणाले.

हौसाबाईंनी काळा चष्मा काढला. ऑपरेशनच्या डोळ्यांतून पाणी येऊ द्यायचं नसतं, असं त्यांना डॉक्टरांनी सांगितलं असणार. त्या पदराने टिपत राहिल्या.

“माझी धाकटी भन. रंजी. म्हापुराच्या सालात पाणी उतरलं आन् तिला कावीळ झाली. चार दिसात गेली बगा. कांचनचा बाप म्हनाला पोरगी नगं, पर दोन म्हैन्यात दुसरी बायकू केली आन् मग पोरगी मागाय लागला, त्याची म्हातारी आई सांबाळंल म्हनून. मला मूलबाळ न्हवतं, मालक आदीच गेल्यालं. पोरीला उचललं आन् हितं आलो. हितं कुनी वळकत न्हवतं. माझीच हाय म्हनून सांगिटलं. एकदा सांगिटलं ते सांगिटलं. मग कवा मागं घ्याचं?”

“त्या दिवशी अहवाल ऐकला तेव्हाच तुम्हाला कळलं होतं.”

“कळलं हुतं.” त्यांनी माझा हात धरला. त्यांच्या बोटांना लसणाचा वास होता. “ताई, तुमाला दुसरा दात मिळालाय म्हंता. त्योच दावा की. पयला कशाला काढायचा? कांचनला कळलं तर ती माझी ऱ्हाईल का?”

मला त्यांची फार दया आली. आणि रागही आला, कारण या बाईने तोंड बंद ठेवून लेकीला खोटं ठरू दिलं होतं. मी इतकंच म्हणाले, की प्रयत्न करते. खरं तर दुसरा दात पुरेल असं मलाही वाटलं होतं.

तो पुरला नाही. समितीच्या अध्यक्ष शैलजा कोठावळे या वकील होत्या आणि वकिलाचं डोकं म्हणजे पाचर. सुनावणीच्या खोलीत एका बाजूला मी आणि ताम्हाणे सर, समोर कांचन आणि हौसाबाई. कोठावळे मॅडमनी दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवले.

“एक दात म्हणतो आईने बाळ सोडलं. दुसरा म्हणतो नाही सोडलं. दोन्ही एकाच मुलीचे म्हणून आले. मगदूमबाई, पहिला दात आणला कुणी?”

“यांनीच,” मी म्हणाले.

“म्हणजे एकतर तुमचं यंत्र बेभरवशाचं, मग दुसरा अहवालही मी मानणार नाही. नाहीतर या बाईंनी दुसऱ्या कुणाचा दात शिवन्याचा म्हणून दिला. तसं असेल तर समितीची फसवणूक झाली, आणि फसवणाऱ्या आईकडे मी मूल का द्यावं? पहिला दात कुणाचा हे मला कळलंच पाहिजे.”

“माझ्या पोरीचाच हाय!” कांचन म्हणाली. “आमच्याच कौलावरचा हाय. दुसऱ्याचा कसा असंल?” प्रत्येक वाक्यानिशी ती आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेत होती आणि तिला ते ठाऊक नव्हतं.

मॅडम माझ्याकडे वळल्या. “मगदूमबाई, तुम्ही त्या घरी जाऊन आलात. तुम्हाला काही माहिती आहे?”

होय म्हणावं तर एका बाईचं आईपण माझ्या तोंडून जाणार होतं. नाही म्हणावं तर एका पोरीचं घर. संशोधनाच्या नियमांत दुसऱ्याच्या दातातली गोष्ट त्याच्या परवानगीवाचून सांगायची नाही असं लिहिलंय. पण तो ‘दुसरा’ समोर बसला असेल आणि त्यालाच काही ठाऊक नसेल तर काय, हे नियम लिहिणाऱ्यांना सुचलं नव्हतं. मी तोंड उघडलं, पण काय बोलणार होते ते आजही सांगता येणार नाही.

“त्यास्नी इचारू नगा,” हौसाबाई खुर्चीला धरून उभ्या राहिल्या. “दात हिचा हाय. कांचनचा. मीच तिच्या हातात शेण दिलं हुतं टाकायला.”

“पण मग त्यात तर…” मॅडम अहवालाकडे बघत थांबल्या.

“व्हय. आटव्या म्हैन्यात तिची आई मेली. माझी भन हुती ती. मी मावशी हाय हिची. हिला ठाव न्हाई.” त्या कांचनकडे बघत नव्हत्या. मॅडमकडे बघून, शाळेत उभं केलेल्या पोरासारखं एकेक वाक्य म्हणत होत्या. “हिनं फशिवलं न्हाई कुनाला. हिनं कवाच पोरीला टाकलं न्हाई. त्या दिवशी दाराला कडी लावली ती चूक झाली, आन् ती बी मी दवाखान्यात हुतो म्हनून झाली. ह्यापुडं मी घरात हाय. पोरगी घरी द्या.”

कांचनच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं, काहीच नव्हतं. मॅडमनी खाकरून निर्णय सांगितला: शिवन्याला आजच घरी न्यावं, कामाच्या वेळी ती गोदामाजवळच्या पाळणाघरात राहील आणि तिथली सोय समिती करेल. एरवी असा निर्णय ऐकून बाया पाया पडतात. कांचन उठली आणि एकटीच बाहेर गेली.

आम्ही मागोमाग गेलो तर ती आवारातल्या कडुनिंबाला टेकून उभी होती. हौसाबाई तिच्यापासून चार पावलांवर थांबल्या. पुढे जायचा आपला हक्क आता राहिला नाही असं त्यांना वाटलं असावं.

“नाव काय हुतं तिचं?” कांचनने झाडाकडेच बघत विचारलं.

“रंजना. रंजी म्हनायचो.”

“आन् मी काय करायचो? ती गेल्यावर?”

“काय करनार? आट म्हैन्याचं लेकरू. लई वरडायचीस. शेरडीचं दूध वाटीनं पाजलं, बाटलीनं पाजलं, थुकून टाकायचीस. येका रातीला माझं डोस्कंच चालंना, तवा तुला तसंच छातीला लावलं. दूध कुटलं असायला? कोरडंच. पर तू गप झालीस. मग रोजच लावायचो. वाटीतलं दूध पाजायचं आन् मग कोरडं लावायचं. गल्लीला वाटायचं, अंगावर पिती.” त्या एकदम माझ्याकडे वळल्या. “ताई, तुमी त्या दातात समदं दिसतं म्हंता. त्यात मी कुटं हाय का वो?”

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता, आणि मलाही कधी पडला नव्हता. आमचा सगळा अभ्यास काळ्या रेघांचा. कुठल्या महिन्यात किती, किती रुंद, त्यावरून घराला गुण किती कापायचे. रेघेच्या पलीकडे काय असतं ते बघायला आम्ही थांबतच नव्हतो. मी पिशवीतून टॅबलेट काढला, कांचनच्या दाताचं चित्र उघडलं आणि काळ्या रेघेच्या पुढे सरकवत नेलं.

रेघेनंतर काही थर वेडेवाकडे होते. एकमेकांवर चढलेले, मधूनच तुटलेले. त्या पट्टीत दुधाची खूण शून्य, आणि नंतरही ती शून्यच राहिली, शेवटपर्यंत. आईच्या दुधाचा थेंब पुन्हा त्या बाळाच्या पोटात गेला नव्हता. पण थर हळूहळू निवळत गेले होते. आधी दोन-चार नीट, मग एक वाकडा, मग पुन्हा नीट. आणि पुढे ते असे एकसारखे होत गेले, की रंजना असतानाच्या आणि नंतरच्या थरांमध्ये मला फरक दाखवता येईना. मी चित्र उलटसुलट करून दोनदा पाहिलं. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसायचा खटाटोप केला नाही.

“ही रेघ म्हणजे ती गेली तो दिवस,” मी हौसाबाईंना दाखवलं. “आणि ही इथून पुढची सगळी तुम्ही.”

“ही?”

“हो. इथून शेवटपर्यंत.”

त्यांनी चष्मा वर करून अगदी जवळून पाहिलं. मग बोट पुढे केलं, पण काचेला लावलं नाही. कांचन केव्हा येऊन आमच्या मागे उभी राहिली मला कळलं नाही. तीही बघत होती. तिने पिवळं बोट पडद्यावर ठेवलं, काळ्या रेघेवर थोडा वेळ थांबवलं आणि मग हळूहळू पुढे नेलं, पार त्या कडेपर्यंत, जिथे दात संपत होता.

“आदी सांगायला पायजे हुतंस,” ती म्हणाली. आता तिचा आवाज फुटला होता. “मी काय सोडून गेलो असतो तुला?”



कांचनने नाक पुसलं, हौसाबाईंच्या खांद्यावरून घसरलेला पदर नीट केला आणि फाटकाकडे बघून रिक्षावाल्याला हाक मारली.

“चल आई,” ती म्हणाली, “शिवू वाट बघत असंल.”